फेझंटच्या पेनमधले ३१२ तास

जून महिना, इंग्लंडमधलं एक कुरण. कुरणावर ओळीने लाकडी खोपटी, प्रत्येक खोपट्यापुढे छप्पर घातलेला आडोसा, आणि आडोशापुढे वरून जाळी ओढलेलं गवताचं आवार, म्हणजे पेन. एकेका पेनमध्ये फेझंट या पक्ष्याची काहीशे पिल्लं. शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो आणि १ फेब्रुवारीला संपतो. त्या हंगामासाठी ही पिल्लं सहा-आठ आठवड्यांची झाली, की जुलै-ऑगस्टात जंगलात सोडली जातात. ब्रिटनमध्ये दरवर्षी कोट्यवधी फेझंट आणि लाल पायांचे तितर असे माणसाच्या हाताखाली वाढून बाहेर पडतात. एकट्या फेझंटचाच अंदाज तीन कोटींच्या घरात जातो.

ज्याला पुढे गोळीच घालायची, त्याच्या हगवणीची एवढी चिंता कशाला, असं कुणी विचारेल. मला हा प्रश्न उलट्या बाजूने दिसतो. रानातलं पिल्लू स्वतःच्या पायांनी घाणीपासून दूर जातं. कोंडलेल्या पिल्लाचा तो मार्ग आपण बंद केलेला असतो. म्हणून त्याच्या आतड्यात काय चाललंय, ही कोंडणाऱ्याची जबाबदारी. इंग्लंडचा २००६ चा प्राणी कल्याण कायदाही पक्षी माणसाच्या ताब्यात असेपर्यंत त्याला लागू होतो.

पुढचं पेन नकाशावर सापडणार नाही. अशा अनेक पेनांत पुन्हापुन्हा घडणारं इथे एका जागी मांडलं आहे. त्यातलं घड्याळ मात्र खरं आहे: परजीवीला पिकायला लागणारे तास, आतड्यात वाढायला लागणारे दिवस, आणि त्यात माणसाला मिळणारी फट. शून्य तास आहे सोमवारी पहाटे ५ चा.

३१२ तास आधी. मंगळवार, पहाटे ५

पिल्लं आज एकवीस दिवसांची झाली. आतापर्यंत ती गॅसच्या ब्रूडरखाली, कोरड्या भुशावर होती. या तीन आठवड्यांतही मरण दाराशी होतंच. काही पिल्लांना पहिल्या चार-पाच दिवसांत खाद्य-पाणी सापडतच नाही आणि ती वाळून जातात. काहींच्या पोटातला बलक बेंबीतून शिरलेल्या जंतूंनी नासतो. मग रोटाव्हायरसची पाण्यासारखी हगवण येते. ती एकदा शिरली की खोपटंच्या खोपटं झोपवते. या खेपेला तसं काही झालेलं नाही. पिल्लं भरलेली आहेत, पंख फुटले आहेत, आणि त्यांना वाढवणारा गेमकीपर समाधानी आहे.

खोपट्याची झडप वर सरकते. दोन-तीन धीट पिल्लं उंबऱ्याशी थांबतात, मग सगळी लोंढ्याने बाहेर. गवताची पाती, मुंग्या, मातीचे कण, दिसेल त्याला चोच. याच पट्ट्यावर गेल्या उन्हाळ्यात दुसरी खेप वाढली होती. त्या पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या, कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीच्या पुट्या गवताच्या मुळाशी हिवाळा काढून अजून जिवंत आहेत. एक पुटी मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या हिश्श्याएवढी. भिंत इतकी चिवट की नेहमीची जंतुनाशकं तिला भेदत नाहीत. अमोनिया भेदतो. कडक ऊन आणि कोरडेपणा तिला मारतात. पण इंग्लंडच्या गवताखाली या दोन्ही गोष्टी दुर्मीळ.

काही पिल्लांच्या पोटात अशा मोजक्या पुट्या जातात.

३०८ तास आधी. मंगळवार, सकाळी ९

दाणा दळण्यासाठी पक्ष्याला दिलेली जठराची चक्की पुटीची भिंत फोडते. पित्त आणि पाचकरस उरलेलं काम करतात. एका पुटीतून आठ सूक्ष्म जीव मोकळे होतात आणि प्रत्येक जण आतड्याच्या अस्तरातल्या एकेका पेशीत घुसतो. पेशीच्या आत तो वाढतो, फुटतो, त्यातून अनेक निघतात, आणि ते शेजारच्या पेशी धरतात. असं दोन-तीनदा झाल्यावर नर-मादी अवस्था तयार होतात आणि नव्या पुट्या विष्ठेतून बाहेर पडतात. सुरुवातीपासून तिथपर्यंत पाच ते सहा दिवस.

फेझंटला धरणाऱ्या कॉक्सिडियाच्या जाती तशा थोड्या आहेत. आयमेरिया फेझियानीचं वर्णन टायझर यांनी १९२९ मध्ये केलं. कोल्चिकी आणि ड्युओडिनालिस या दोन जाती नॉर्टन यांनी १९६७ मध्ये नोंदवल्या. सर्वांत घातक कोल्चिकी, कारण ती शेवटी आंधळ्या आतड्यांत जाऊन बसते. आपल्याकडच्या कोंबडीपालकांना कॉक्सिडियाचा रोग रक्ती हगवण म्हणून ठाऊक आहे. फेझंटमध्ये रक्त सहसा दिसत नाही, पांढरट चिकट विष्ठा दिसते. लाल रंगाची वाट पाहत बसणारा इथे फसतो.

खरं तर मंगळवारच्या या सकाळी काहीच वाईट झालेलं नाही. थोड्या पुट्या पोटात जाणं पिल्लाच्या भल्याचंच असतं, कारण त्यातूनच प्रतिकारशक्ती येते. खाद्यात कॉक्सिडियारोधक औषध मिसळलेलं आहे, आणि तेही परजीवीला पुरतं संपवण्यासाठी नसतं. त्याला मुठीत ठेवायचं आणि शरीराला त्याची ओळख करून द्यायची, एवढंच त्याचं काम. सगळं गणित प्रमाणावर उभं आहे. पुढच्या तेरा दिवसांत बिघडतं ते हे प्रमाण.

२३६ तास आधी. शुक्रवार, सकाळी ९

आज पिल्लांना बिट घालायचा दिवस. चोचीच्या दोन भागांमध्ये बसणारं प्लास्टिकचं छोटं कडं, दोन्ही टोकं नाकपुड्यांत अडकणारी. ते असलं की चोच पूर्ण मिटत नाही आणि एकमेकांची पिसं उपटता येत नाहीत. एवढ्या गर्दीत एका पिल्लाच्या पाठीवर रक्ताचा ठिपका दिसला, की बाकीची तिथेच टोचत राहतात, म्हणून ही तजवीज. मला ही पद्धत पटत नाही. जिथे पिसं उपटण्याइतका कंटाळा आणि दाटी आहे, तिथे आधी दाटी कमी व्हायला हवी. पण पिसं उपटलेलं पिल्लू पाहिलेल्या माणसाचं म्हणणंही समजण्यासारखं आहे.

पकडापकडी झाली. नव्या कड्याची सवय होईपर्यंत दिवसभर पिल्लं कमी खातात. खाद्य कमी म्हणजे खाद्यातलं औषधही कमी. ही पहिली घसरण, आणि ती कुठल्याही वहीत उतरत नाही.

१८० तास आधी. रविवार, संध्याकाळी ५

मंगळवारी गिळलेल्या मोजक्या पुट्यांनी आपला फेरा पूर्ण केला. पिल्लं आजारी नाहीत, खेळतायत. पण काहींच्या विष्ठेतून नव्या पुट्या पडू लागल्या आहेत. एकीच्या बदल्यात हजारो.

ताजी पडलेली पुटी अजून कच्ची असते. ती लगेच गिळली तरी रोग होत नाही. तिला पिकायला हवा, ओल आणि ऊब लागते, आणि साधारण एक ते दोन दिवस लागतात. सगळ्या घटनाक्रमात माणसाला मिळणारी सर्वांत मोठी फट हीच. या दोन दिवसांत जमीन कोरडी राहिली किंवा पक्षी तिथून हलले, तर बहुतेक पुट्या वाया जातात.

रानातली मादी नेमकं हेच करते, तेही नकळत. अळ्या-किडे शोधत ती पिल्लांना रोज नव्या कडेला नेते. कालची विष्ठा काल होती तिथेच राहते, आणि ती पिकेपर्यंत पिल्लं शेताच्या दुसऱ्या टोकाला गेलेली असतात. त्यांच्याही आतड्यात कॉक्सिडिया असतो. पण उभा कळप आडवा पाडण्याइतका तो साठत नाही. पेनमधलं पिल्लू दिवसातून कितीतरी वेळा त्याच ड्रिंकरशी, म्हणजे पाण्याच्या भांड्याशी, त्याच खाद्याच्या भांड्याशी, रात्री त्याच कोपऱ्यात परत येतं. दाट कोंडलेल्या पक्ष्यांच्या रोगांचा मूळ मुद्दा मला इथे सापडतो. परजीवी जुनाच आहे, पक्षीही जुनाच. जाळी नवी आहे.

१७० तास आधी. सोमवार, पहाटे ३

पाऊस. वादळ नाही, नुसती थंड, संथ, न थांबणारी झड.

सकाळी कीपर गवतावर आलेली गांडुळं बघतो आणि त्याच्या मनात पहिलं नाव येतं ते श्वासनलिकेतल्या लाल कृमीचं. सिंगॅमस ट्रॅकिया. या कृमीचे नर-मादी कायमचे जुळलेले असतात, इंग्रजी वाय अक्षरासारखे, आणि पिल्लाच्या नळीत चिकटून रक्त पितात. पिल्लू मान ताणून, चोच उघडी टाकून श्वास घेतं, मान झटकतं, शिंकल्यासारखं करतं. त्यांच्या अळ्या गांडुळांत, गोगलगायींत टिकून राहतात, आणि पावसात वर आलेलं गांडूळ पिल्लांना मेजवानीच वाटतं. म्हणून कीपर आज कान लावून फिरतो: कुणी खोकतंय का? कृमींचं औषध घातलेलं खाद्य कधी मागवायचं, हेही मनात ठरवतो.

हा हिशोब चुकीचा नाही. तो धोका खराच आहे, आणि दोन-तीन आठवड्यांनी तोही येऊ शकतो. फक्त आज ऐकू येणाऱ्या रोगाकडे लक्ष गेल्यामुळे पायाखाली पिकणाऱ्या रोगाकडे कुणी बघत नाही.

१५५ तास आधी. सोमवार, संध्याकाळी ६

पावसात पिल्लं बाहेर पडत नाहीत. गवतावर पसरलेला कळप आडोशाच्या छपराखाली दाटला आहे. तिथल्याच एका ड्रिंकरची झडप नीट बसत नाहीये. थेंब-थेंब पाणी भुशात मुरतंय, आणि ड्रिंकरभोवती हातभर रुंदीचं काळं कडं तयार झालंय. त्या कड्यात विष्ठा, सांडलेलं खाद्य, पाणी, आणि काहीशे पिल्लांच्या अंगाची ऊब. पुटीला जे जे हवं ते सगळं एकत्र.

हे कडं ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. मूठभर भुसा उचलून दाबायचा. गोळा झाला तर तो ओला. आपल्याकडचा ब्रॉयलरवाला पावसाळ्यात रोज तूस हलवतो, त्यात चुना मिसळतो, ओला भाग खरवडून बाहेर टाकतो. तो हे कुठल्या पुस्तकात वाचून करत नाही. एखादी खेप गमावून शिकलेला असतो. बटेरपालनात हा प्रश्न पुष्कळसा जाळीच्या पिंजऱ्याने सुटला, कारण विष्ठा खाली पडते आणि पक्षी तिच्यावर चालत नाही. जपानी बटेर भारतात १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातून इज्जतनगरच्या संशोधन केंद्रात आली आणि तिथून देशभर पसरली. तिच्या कुळालाही स्वतःचा कॉक्सिडिया आहेच: आयमेरिया बटेरी, भारतीय संशोधकांनी १९६५ मध्ये वर्णन केलेला. पैशाच्या ओढीने बटेर पिंजऱ्यातून काढून दाट तुसावर सोडली, की हेच घड्याळ तिच्याही पोटात चालू होतं. फेझंटला मात्र जन्मभर पिंजऱ्यात ठेवून चालत नाही. त्याला पुढे रानात उडायचं आहे, म्हणून गवत हवं, माती हवी, आणि तिथला धोकाही हवा.

गळका ड्रिंकर आज बदलला, काळं कडं फावड्याने काढून तिथे कोरडा भुसा टाकला, तर पुढचे १५५ तास वेगळे जातील. काम अर्ध्या तासाचं. पण पाऊस आहे, अजून अकरा पेनांना खाद्य द्यायचं आहे, आणि पिल्लं ठणठणीत दिसतायत.

१३२ तास आधी. मंगळवार, संध्याकाळी ५

रविवारी पडलेल्या पुट्या पिकल्या. आता त्या काही मोजक्या नाहीत. काळ्या कड्यातून चालणाऱ्या प्रत्येक पायाला, खाली पडलेल्या प्रत्येक कणाला त्या चिकटल्या आहेत. पिल्लं पाणी प्यायला येतात आणि जाताना ओल्या भुशात चोच मारतात. कुणी शंभर गिळतो, कुणी कितीतरी पट.

कळपाचं नशीब या संध्याकाळी जवळजवळ ठरतं. यानंतर जे दिसेल तो परिणाम असेल.

१२० तास आधी. बुधवार, पहाटे ५

ऊन पडलं. गवत चमकतंय, पिल्लं पुन्हा बाहेर पसरली. मालक येऊन बघून जातो आणि खूश होतो. वजनं छान आहेत, पिसं चकचकीत. तेरा दिवसांतला दिसायला सर्वांत सुंदर दिवस हाच.

आडोशाखाली ऊन पोचत नाही. तिथे कालची ओल आहे, आणि आता ऊबही.

७२ तास आधी. शुक्रवार, पहाटे ५

बाहेरून दिसण्यासारखं काही नाही. आतड्याच्या अस्तरात दुसरी पिढी फुटतेय.

४० तास आधी. शनिवार, दुपारी १

खाद्याच्या भांड्यात उरलंय.

हा पहिला दिसणारा पुरावा, आणि तो पिल्लाच्या अंगावर नसून भांड्यात आहे. या वयाच्या पिल्लांचं खाणं रोज वाढत जायला हवं. ते थबकलं, तरी काहीतरी बिघडलंय. रोजचं खाद्य वजन करून लिहिणारा कीपर इथे थांबला असता. अंदाजाने पोती ओतणाऱ्याला वाटतं, ऊन वाढलंय, किडे भरपूर मिळत असतील, म्हणून कमी खाल्लं असेल. हा तर्क वेडगळ नाही. कधीकधी खराही असतो.

पण याच वेळी औषधाचा आधारही निसटतोय. कॉक्सिडियारोधक खाद्यात आहे. पिल्लू जितकं कमी खाईल तितकं ते त्याला कमी मिळेल. ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच पोटात ते सर्वांत कमी जातं. आतड्याचं अस्तर सुजलंय, त्यामुळे जे खाल्लं तेही अंगी लागत नाही. पशुवैद्याला फोन करायची वेळ ही, शनिवारी दुपारी १ ची. अजून चाळीस तास आहेत. पाण्यातून औषध द्यायला हीच घटका सर्वांत चांगली, कारण पिल्लू खाणं टाकतं तरी बराच काळ पाणी पीत राहतं.

२० तास आधी. रविवार, सकाळी ९

आता अंगावर दिसतं. आडोशाच्या कडेला पाच-सहा पिल्लं खांदे वर करून, पिसं फुगवून उभी आहेत. पंख खाली लोंबतायत. डोळे अर्धे मिटलेले. बाकीची खाद्याकडे धावतात, ही धावत नाहीत. शेपटीखालच्या पिसांना पांढरट चिकट विष्ठा लागली आहे. हातात घेतलं तर छातीचं हाड बोटाला धारदार लागतं. तीन दिवसांपूर्वी याच पिल्लाच्या छातीवर मांस होतं.

मिटलेले डोळे बघून मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या आजाराची शंका येते. त्यात डोळ्यांखालचा भाग फुगतो, नाकातून पाणी येतं. इथे फुगवटा नाही. थंडी वाजणाऱ्या कुठल्याही पिल्लाचे डोळे असेच मिटतात. आजारी पक्षी तिथे आहे, पण रोगाचं नाव त्याच्या बाह्य रूपात नाही. ते आतड्यात आहे.

रविवार असल्याने कीपर उद्या सकाळी फोन करायचं ठरवतो.

६ तास आधी. रविवार, रात्री ११

आभाळ निरभ्र, पारा उतरला. निरोगी पिल्लू अंगातल्या चरबीवर अशी रात्र सहज काढतं. या पिल्लांपाशी चरबी उरलेली नाही, अंगातलं पाणी हगवणीतून गेलंय. ती एकमेकांच्या उबेला सरकतात, कोपऱ्यात ढीग होतो, आणि खालची पिल्लं दबतात.

० तास. सोमवार, पहाटे ५

कीपर झडप उघडतो. बाहेर यायला हवा तेवढा लोंढा येत नाही.

कोपऱ्यात मेलेली आहेत, ड्रिंकरपाशी आहेत, गवतावर दोन-दोन, चार-चार पसरलेली आहेत. पहिल्या फेरीतच बादली भरते. जिवंत आहेत त्यांच्यातली बरीच खांदे वर करून उभी आहेत आणि माणूस जवळ आला तरी पळत नाहीत. फेझंटचं पिल्लू माणसाला घाबरून पळत नाही, हे बादलीपेक्षा वाईट लक्षण.

४ तासांनंतर. सोमवार, सकाळी ९

कीपर बादली घेऊन पशुवैद्याकडे पोचतो. डॉक्टर बादलीकडे एकदा बघतात आणि विचारतात, ‘‘जिवंत आजारी आणलेत का?’’ चार-पाच आणले आहेत. डॉक्टर तेच घेतात, वेदना न होऊ देता मारतात आणि लगेच, अंग गरम असतानाच उघडतात.

बाहेरच्याला हे क्रूर वाटेल. कारण असं, की आतड्यातले काही शत्रू पक्ष्याबरोबरच संपतात. हेक्सामिटा नावाचा शेपट्यांनी पोहणारा एकपेशीय जीव गार पडलेल्या आतड्यात काही वेळातच थांबतो आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येत नाही. रात्री मेलेलं पिल्लू सकाळी तपासलं तर तो तिथे नव्हता असंच वाटेल. चार पिल्लांच्या मरणातून शेकडोंचं निदान होतं. मी ते मान्य करतो, पण हलक्या मनाने नाही.

आंधळी आतडी फुगलेली, आत पांढरा, घट्ट, चिजसारखा गोळा. अस्तर खरवडून काचेवर घेतलं, की अंडाकृती पुट्यांची गर्दी. कॉक्सिडिओसिस, बहुधा कोल्चिकी. दुसऱ्या काचेवर लहान आतड्याचा रस. त्यात काहीतरी सरसर इकडून तिकडे पळतंय: हेक्सामिटाही आहे. कॉक्सिडियाने सोलून काढलेल्या आतड्यात तो अनेकदा मागोमाग येतो.

शिकारीच्या पक्ष्यांच्या आतड्यात असं डोकावणं ब्रिटनमध्ये जुनं आहे. १९०५ मध्ये तिथे ग्राऊस या रानपक्ष्याच्या मृत्यूंची चौकशी करायला लॉर्ड लोव्हॅट यांची समिती बसली आणि १९११ मध्ये तिचा दोन खंडांचा अहवाल आला. फँथम यांनी तिच्यासाठी ग्राऊसच्या कोवळ्या पिल्लांतला कॉक्सिडिया तपासला. त्याच समितीसाठी शेकडो ग्राऊस फाडून पाहणारे डॉक्टर होते एडवर्ड विल्सन. स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावर गेलेले आणि १९१२ मध्ये परतीच्या वाटेवर बर्फात प्राण सोडलेले विल्सन तेच. रोग कशाने होतो हे तेव्हापासून कळत आलंय. तरीही जूनमध्ये बादल्या भरतात, म्हणजे अडचण ज्ञानाची नाही. ती भिजलेल्या भुशाची, दाटीची आणि न मोजलेल्या खाद्याची आहे.

७ तासांनंतर. सोमवार, दुपारी १२

पाण्याच्या टाकीत टोल्ट्राझुरिल पडतं. पेशीच्या आत लपलेल्या परजीवीच्या सगळ्या अवस्थांवर ते काम करतं. जुनं अँप्रोलियमही चालतं. पण त्याचा भर सुरुवातीच्या अवस्थांवर असतो, आणि इथे सुरुवात होऊन सहा दिवस उलटले. बाकीचे ड्रिंकर आणि साठलेलं पाणी काढावं लागतं, नाहीतर पिल्लू औषध नसलेलं पाणी पिऊन येतं. शिवाय आडोशात पुन्हा ऊब लावली जाते, कारण उबेशिवाय कुठलंही औषध अर्धंच.

जे पिल्लू उभं राहून पाणी पिऊ शकतं, ते बहुधा वाचेल. जे पीत नाही, त्याच्यापर्यंत औषध पोचत नाही. संध्याकाळपर्यंत आणखी मरतील, उद्याही मरतील. परजीवी थांबला तरी सोललेलं आतडं लगेच भरून येत नाही, हे डॉक्टर कीपरला आधीच सांगून ठेवतात. नाहीतर औषध लागू पडलं नाही असं समजून तो दुसऱ्या दिवशी ते बदलायला निघेल.

हेक्सामिटाची गोष्ट अधिक कठीण. त्याच्यावरचं हुकमी औषध, डायमेट्रिडाझोल, युरोपात या शतकाच्या सुरुवातीला बंद झालं. माणसाच्या अन्नात त्याचे अंश येऊ नयेत म्हणून घेतलेला तो निर्णय मला बरोबर वाटतो. पण तेव्हापासून गेमकीपरच्या हातात या रोगासाठी नेमकं औषध नाही. मागोमाग येणाऱ्या जिवाणूंसाठी डॉक्टर कधी प्रतिजैविक लिहून देतात, आणि तेही आता जपून, कारण प्रत्येक उन्हाळ्यात ते ओतत राहिलं तर उद्या ते कुणावरच चालणार नाही. उरतं ते फावडं, कोरडा भुसा आणि मोकळी जागा.

५४ तासांनंतर. बुधवार, सकाळी ११

आजची बादली तळाशीच आहे. उभी असलेली पिल्लं खातायत. जगलेल्यांना या रोगाविरुद्ध बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती आली आहे. पण काहींची वाढ खुंटेल, आणि जुलैत सोडली जातील तेव्हा थव्यात मागे पडणारी तीच असतील.

डॉक्टर पेनवर आलेत, ते या पिल्लांसाठी नाही. ओळीतल्या पुढच्या खोपट्यात वीस दिवसांची दुसरी खेप आहे. तिची झडप उद्या उघडायची होती. तिच्यापुढचं गवतही गेल्या वर्षी वापरलेलंच आहे.

दोघे दुपारपर्यंत तिथेच असतात. आडोसा आणि जाळी उचलून पलीकडच्या, आजवर एकही पक्षी न फिरलेल्या पट्ट्याला तोंड करून लावायची असं ठरतं. ड्रिंकर आडोशाखालून काढून बाहेर, खडीवर ठेवलेल्या जाळीच्या चौकटीवर येतील. प्रत्येक ड्रिंकरची झडप हाताने तपासली जाते, आणि गळणाऱ्या दोन काढून टाकल्या जातात. या खेपेची काही पिल्लं दुसऱ्या पेनमध्ये जातील, म्हणजे दाटी कमी होईल. आजारी पेनमध्ये वापरलेले बूट इकडे आणायचे नाहीत. भांड्यात टाकलेलं आणि उरलेलं खाद्य रोज तोलायचं. आणि खोपट्याची झडप उघडल्यापासून पाचव्या दिवशी, पिल्लं कितीही छान दिसत असली तरी, पेनच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली ताजी विष्ठा गोळा करून पुट्या मोजायला पाठवायची.

खोपट्याच्या दाराला खडूने तारखा लिहिल्या गेल्या आहेत. झडप गुरुवारी उघडेल. पहिला नमुना मंगळवारी सकाळी जायचा आहे, आणि दुसरा त्यानंतर दोन दिवसांनी.